हाताने घडविलेली काच : ओळख, पारख आणि संग्रह

काच हा पदार्थ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, तिच्याकडे पाहण्याऐवजी तिच्यातून पलीकडे पाहण्याचीच आपणांस सवय झाली आहे. खिडकीचे तावदान, चष्म्याचे भिंग, औषधाची बाटली, पाण्याचा पेला या वस्तू आज यंत्रावर तयार होतात आणि एका नगात व दुसऱ्या नगात काडीचाही फरक नसतो. याच देशात भट्टीसमोर बसून, फुंकनळीने किंवा साध्या लोखंडी सळईने एकेक नग घडविणारे कारागीर मात्र अजूनही आहेत. त्यांच्या हातून उतरलेली फुलदाणी, अत्तराची कुपी, मण्यांची माळ किंवा बांगडी पुष्कळ घरांत असते. परंतु ती हाताची आहे हे घरातील कुणाच्या ध्यानात आलेले असतेच असे नाही. ज्या वस्तूतील कष्ट ओळखता येत नाहीत तिला योग्य दाम मिळत नाही, आणि दाम मिळेनासा झाला की भट्टी विझते. म्हणून हातकाचेची पारख हा केवळ हौसेचा विषय नव्हे. पारख करणारा डोळा जितक्या घरांत तयार होईल तितके या कलेचे आयुष्य वाढेल.

भट्टीपासून वस्तूपर्यंत

काचेचा मुख्य घटक म्हणजे वाळूतील सिलिका. शुद्ध सिलिका वितळण्यासाठी सुमारे १७०० अंश सेल्सियस तापमान लागते आणि जुन्या भट्ट्यांना ते गाठणे शक्य नव्हते. वाळूत सोडा किंवा वनस्पतींची राख यांसारखा क्षार मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी तापमानात वितळते. मात्र केवळ क्षार घातलेली काच पाण्यात विरघळू लागते, म्हणून चुनाही आवश्यक असतो. रंग येतो तो धातूंमुळे. कोबाल्टाने गर्द निळा, लोहाने हिरवट, मँगनिजाने जांभळा, तांब्याने मोरपंखी अथवा लाल, आणि सोन्याच्या अत्यल्प अंशाने माणकासारखा रंग प्राप्त होतो. जुन्या साध्या काचेत दिसणारी हिरवट झाक कुणी मुद्दाम आणलेली नसते. ती वाळूतील लोहाची असते.

वितळलेली काच पाण्यासारखी पातळ नसते. ती घट्ट पाकासारखी ओढाळ असते आणि निवत जाईल तशी अधिकाधिक घट्ट होते. कारागिराला मिळणारा अवधी एवढाच. तो पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर काचेचा गोळा घेतो, लोखंडी पाटावर लोळवून त्याला सारखा करतो आणि नळीतून फुंकर घालतो. गोळा फुगत असताना नळी सतत फिरवावी लागते. हात थांबला की काच आपल्याच वजनाने एका बाजूला ओघळते. आकार आल्यावर वस्तूच्या तळाला दुसरी भरीव सळई चिकटवितात, फुंकनळी झटक्याने वेगळी करतात, आणि तोंडाची कड पुन्हा तापवून चिमट्याने रुंद किंवा निमुळती करतात. शेवटी सळई काढून घेतली म्हणजे तळाशी एक लहानसा खरखरीत व्रण राहतो.

यानंतरचे काम भट्टीपुढील करामतीइतके प्रेक्षणीय नसले तरी तेवढेच महत्त्वाचे आहे. तयार वस्तू एकदम हवेत ठेवली तर बाहेरचा थर आधी निवतो, आतला मागाहून निवतो आणि त्या ओढाताणीत ती तडकते. म्हणून ती सुमारे ५०० अंश तापमानाच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून तासन्‌तास सावकाश निवविण्यात येते. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. ते नीट झाले नसेल तर वरकरणी निर्दोष वाटणारी वस्तू काही महिन्यांनी फडताळात ठेवल्या जागी फुटू शकते.

भारतातील परंपरा

काच हा शब्द शतपथ ब्राह्मणात येतो. हस्तिनापूरच्या उत्खननात ख्रिस्तपूर्व काळातील काचेच्या बांगड्या मिळाल्या, तर तक्षशिलेच्या धर्मराजिका स्तूपाजवळ काचेच्या फरशा आढळल्या. रोमन लेखक प्लिनी याने भारतीय काचेची थोरवी सांगितली आहे. काच फुंकण्याची रीत ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सुरू झाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही दीर्घकाळ भारतीय कारागिराचे विशेष प्रभुत्व होते ते मणी आणि बांगडी यांवर.

पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू हे या मण्यांचे एक प्राचीन केंद्र होते. तेथे काचेच्या गोळ्यात पोकळी करून त्याची लांबच लांब नळी ओढीत, तिचे बारीक तुकडे करीत आणि ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करीत. मोहरीएवढे हे मणी समुद्रमार्गे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंत पोचले. अमेरिकन अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी त्यांना ‘इंडो-पॅसिफिक मणी’ हे नाव दिले. आंध्र प्रदेशातील पापानायडुपेट या गावी ही नळी ओढण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत टिकून असल्याचे त्यांना आढळले, आणि जमिनीखाली मिळालेल्या मण्यांचे कोडे जिवंत कारागिरांच्या हातांकडे पाहून उलगडले.

भारतीय काचेचा इतिहास सलगपणे मांडण्याचे मोठे श्रेय एका मराठी संशोधकाकडे जाते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रकाशित केला. त्यापूर्वी त्यांनी ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केले होते आणि तेथील थरांत बहमनी काळातील काचेच्या बांगड्या सापडल्या होत्या. फुटकी बांगडी ही एरवी केरात जाणारी वस्तू. परंतु थरांचा काळ ठरविताना तिची साक्ष उपयोगी पडते.

मोगल काळात फुंकलेल्या भांड्यांना राजाश्रय मिळाला. सतराव्या शतकातील हुक्क्याची पात्रे चेंडूसारखी गोल असत व कड्यावर टेकवून ठेवावी लागत. अठराव्या शतकात सपाट बुडाचा, घंटेसारखा आकार रूढ झाला. हिरव्या किंवा निळ्या काचेवर सोनेरी मुलाम्याने काढलेली फुलझाडे हे या पात्रांचे भूषण होय. त्याच सुमारास गुजरातेत चौकोनी बाटल्यांवर स्त्रिया, वृक्ष आणि पक्षी रंगविण्याची कला बहरली. बाटलीचा आकार युरोपीय व्यापाऱ्यांच्या पेटीत रचून येणाऱ्या बाटल्यांचा, आणि चित्रण मात्र सर्वस्वी येथले, असा हा संगम आहे.

इंग्रजी अमदानीत बर्मिंगहॅमच्या ऑस्लर यांच्यासारख्या कारखानदारांची झुंबरे संस्थानिकांच्या महालांत आली आणि देशी भट्ट्यांना उतरती कळा लागली. स्वदेशीच्या चळवळीत तिला उत्तर देण्याचा यत्न झाला. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. परदेशात शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे आरंभीची जबाबदारी सांभाळली आणि पुढे उत्तर प्रदेशात या उद्योगाचा पाया घातला.

कपडवंज आणि फिरोझाबाद

हातकाचेतील चातुर्य किती साध्या वस्तूत दडलेले असते हे पाहावयाचे असेल तर गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील कपडवंज गावाचे उदाहरण घ्यावे. कच्छ-सौराष्ट्रातील भरतकामात टाचलेले लहान आरसे सर्वांच्या परिचयाचे आहेत. गुजरातीत त्यांना आभला म्हणतात. हे आरसे सपाट तक्त्यातून कापलेले नसत. कारागीर काचेचा मोठा पातळ फुगा फुंकीत असे. तो गरम असतानाच त्यात शिसे व कथील यांचा वितळलेला रस ओतून फुगा चहूकडे फिरवीत. आतील बाजूस धातूचा पातळ थर बसे आणि उरलेला रस ओतून काढीत. मग तो फुगा फोडून त्याच्या तुकड्यांतून गोल, तिकोनी आरसे कातरीत.

आरसा गोलाचा तुकडा असल्यामुळे त्याला किंचित फुगवटा असतो. सपाट आरसा समोरचे तेवढेच दाखवितो. या फुगीर आरशात मात्र सभोवतीची सारी जागा लहान होऊन सामावते. अंधाऱ्या घरात एका दिव्याने शेकडो ठिणग्या उठल्यासारखे वाटते ते यामुळे. आंबेरच्या शीशमहालातील आरशांची गंमतही हीच आहे. मध्ययुगात युरोपातही याच रीतीने लहान आरसे करीत असत. डॅनिश अभ्यासक टॉर्बेन सोडे आणि यान कॉक यांनी तेथील जुन्या आरशांचे तंत्र समजून घेण्यासाठी कपडवंजच्या कारागिरांचे काम अभ्यासले. आज भरतकामात बहुधा कारखान्यातील सपाट काच वापरली जाते. जुन्या घागऱ्यावर किंवा तोरणावर फुगीर आरसा दिसला तर तो कापडाइतकाच मोलाचा समजावा.

उत्तर प्रदेशात आग्र्याच्या पूर्वेस असलेले फिरोझाबाद हे आज हातकाचेचे सर्वांत मोठे केंद्र होय. हिरवा चुडा असो वा रोजची बांगडी, देशभर जाणारा काचेच्या बांगड्यांचा फार मोठा वाटा येथून येतो. भट्टीतून ओढलेली काचेची तार फिरत्या रुळावर मळसूत्रासारखी गुंडाळली जाते. ते वेटोळे उभे कापले की तोंडे न जुळलेल्या बांगड्या सुट्या होतात. पुढचे काम घरोघरी चालते. लहान ज्योतीवर बांगडी सपाट करण्यास सधाई आणि तिची दोन टोके जोडण्यास जुडाई म्हणतात. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली असे म्हणणाऱ्या मराठी घरांना या जोडामागचे हात क्वचितच ठाऊक असतात.

येथील कारखान्यांत फुलदाण्या, हंड्या, दिव्यांची आवरणे, पेले हेही फुंकले जातात. पूर्वी भट्ट्या कोळशावर चालत. ताजमहालाच्या परिसरातील प्रदूषणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला, आणि त्या परिसरातील उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. त्यामुळे हवा सुधारण्यास मदत झाली; तथापि वायूचा दर हा तेव्हापासून भट्टीवाल्यांच्या चिंतेचा विषय झाला, कारण काचेची भट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटविता येत नाही. काम असो वा नसो, ती रात्रंदिवस तापती ठेवावी लागते.

पारख

हातकाच ओळखण्यासाठी वस्तू खिडकीपाशी न्यावी, उजेडासमोर धरावी आणि सावकाश फिरवावी. प्रथम तळ पाहावा. सळईचा व्रण किंवा तो घासून काढल्यावर राहिलेली गोल खळगी दिसल्यास वस्तू सळईवर धरून घडविलेली आहे. मग अंगावरून बोट फिरवावे. दोन बाजूंना समोरासमोर उभ्या बारीक रेघा लागल्या तर त्या साच्याच्या सांध्याच्या होत. साच्यात फुंकलेली वस्तूही हाताचीच असू शकते, परंतु तिचा आकार कारागिराच्या हाताने नव्हे तर साच्याने ठरविलेला असतो. तोंडाची कड आगीवर गोल झालेली असेल तर ती मऊ लागते. कापून घासलेली असेल तर सपाट लागते. पैलूंच्या बाबतीत, चाकावर पाडलेल्या पैलूंच्या धारा तीक्ष्ण असतात आणि साच्यात दाबून उठविलेल्या पैलूंच्या धारा बोथट असतात.

काचेतील बुडबुड्यांविषयी बराच गैरसमज आहे. बुडबुडा म्हणजे जुनेपणाची खूण नव्हे. भट्टीत काच पुरेशी निवळली नाही की तो राहतो, मग ती काच तीनशे वर्षांपूर्वीची असो वा गेल्या महिन्यातील. तीच गोष्ट तळाच्या व्रणाची. आज फुंकलेल्या फुलदाणीवरही तो असतो. वय ठरविताना बुडाची झीज अधिक विश्वसनीय ठरते. वर्षानुवर्षे ठेवण्याउचलण्याने टेकणाऱ्या कडेवर वेड्यावाकड्या, वेगवेगळ्या दिशांच्या सूक्ष्म रेघा पडतात. त्या सर्व एकाच दिशेने गेलेल्या दिसल्या, तर त्या कागदाने घासून पाडलेल्या असण्याचा संभव असतो. जुन्या बाजारातील विक्रेते बहुतेक प्रत्येक जुन्या झुंबराला ‘बेल्जियमची काच’ म्हणतात. ते नाव ऐकून किंमत ठरवू नये. वस्तू पाहून ठरवावी.

एवढे सारे तपासल्यानंतर सौंदर्याचा प्रश्न उरतो. हातकाचेत दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. बुडाशी काच जाड, गळ्याशी पातळ; रंग खाली गर्द आणि वर फिका. हा फरक वितळलेल्या काचेच्या वजनातून व फिरविणाऱ्या हातातून येतो, आणि चांगला कारागीर त्याचाच उपयोग करून घेतो. तथापि प्रत्येक वाकडेपणा हा गुण नव्हे. वस्तू मेजावर डुगडुगत असेल, झाकण बसत नसेल किंवा कडेला सूक्ष्म तडा असेल तर तो दोषच मानावा.

संग्रह

संग्रहासाठी फार पैसा लागतो ही समजूत बरोबर नाही. आरंभी दुकानात न जाता संग्रहालयात जावे. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय यांसारख्या ठिकाणी काचेची दालने किंवा कपाटे आहेत. एकाच वस्तूसमोर अर्धा तास घालविणाऱ्यास दहा दुकाने हिंडणाऱ्यापेक्षा अधिक समजते.

त्यानंतर एक लहान विषय निवडावा. हाथरस जिल्ह्यातील पुर्दिलनगर किंवा वाराणसी येथील मणी, निरनिराळ्या पद्धतींच्या बांगड्या, अत्तराच्या कुप्या, हंड्या, किंवा राजस्थानातील प्रतापगढचे रंगीत काचेवर सोन्याची नक्षी बसविणारे थेवा काम यांपैकी कोणताही विषय एका घराला अनेक वर्षे पुरेल. विखुरलेल्या शंभर वस्तूंपेक्षा एकाच रीतीच्या दहा वस्तू एकमेकींवर अधिक प्रकाश टाकतात.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू घेताना १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा ध्यानात ठेवावा. अशी वस्तू पुरावस्तू गणली जाते, तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही.

प्रत्येक संग्राहकाने एक वही ठेवावी. वस्तू कोठे घेतली, कधी घेतली, किती दामाला घेतली, तिची उंची व रुंदी किती, तिच्यात कोणता दोष आहे हे तीत टिपावे. त्याचप्रमाणे, कळू शकल्यास, ती कोणी केली तेही लिहावे. एमिल गाले किंवा व्हेनिसजवळील मुरानो बेटावरील भट्टीवाले यांची नावे काचेसोबत जगभर गेली; आपल्याकडे हुक्क्याच्या पात्रापासून बांगडीपर्यंत बहुतेक सारी काच निनावी राहिली. गावी जाऊन थेट कारागिराकडून वस्तू घेतली तर हे नाव विचारता येते. वहीतील एक ओळ एवढीच त्याची नोंद पुढील पिढीस मिळण्याची शक्यता असते.

निगा

काच कुजत नाही असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. क्षार जास्त व चुना कमी असलेली काच दमट हवेत घामेजते, तिच्या पृष्ठभागी बुळबुळीत थर येतो आणि पुढे बारीक भेगांचे जाळे पसरते. अशी वस्तू कोरड्या, एकसारख्या हवेच्या जागी ठेवावी. बंद कपाटात कोंदट वास येऊ लागला तर ते अधूनमधून उघडावे.

साधी काच कोमट पाण्यात सौम्य साबणाने, एका वेळी एकच नग घेऊन धुवावी. भांड्याच्या तळाशी जाड फडके पसरावे. थंड वस्तूवर कढत पाणी ओतू नये. मुलाम्याची, रंगविलेली किंवा पाठीमागे पारा अथवा शिसे असलेली काच पाण्यात बुडवू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. फुलदाणीत पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर बसल्यास पातळ व्हिनेगर काही वेळ ठेवून धुवावे. शिसे घातलेल्या स्फटिककाचेच्या सुरईत सरबत किंवा मद्य साठवून ठेवू नये, कारण त्यात शिसे उतरते. वस्तू नेहमी अंगाला धरून उचलावी. कानाला किंवा तोंडाच्या कडेला धरून कधीही उचलू नये.

मांडणी करताना उजेड बाजूने किंवा मागून येईल असे पाहावे. काचेचा रंग तिच्यातून प्रकाश गेल्यावरच कळतो. गर्दी करू नये. दोन वस्तूंमध्ये हात सहज जाईल एवढी जागा असावी.

भट्टीसमोरचा माणूस

काचेचे काम सुंदर असले तरी सुखाचे नाही. भट्टीची धग, धूर, डोळ्यांवर येणारा ताण, कापणे आणि भाजणे हा कारागिराचा नित्याचा अनुभव असतो. फिरोझाबादचा उद्योग लहान मुलांच्या श्रमामुळे दीर्घकाळ टीकेचा विषय ठरला. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करण्यात आली. मात्र शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करण्याची मुभा राहिली. ज्या धंद्यातील पुष्कळसे काम घरोघरी ज्योतीवर चालते तेथे या अपवादावर लक्ष ठेवणे सोपे नसते. म्हणून फार स्वस्त मिळालेल्या वस्तूबद्दल आनंद मानण्यापूर्वी ती इतकी स्वस्त कशी पडली असा प्रश्न ग्राहकाने स्वतःस विचारला पाहिजे.

दुसरीकडे, उत्तर प्रदेशातील जलेसरच्या आसपास खाऱ्या मातीपासून कच्ची काच गाळण्याची जी पुरातन रीत होती ती विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपुष्टात आली. अशी रीत एकदा तुटली की पुस्तकातील वर्णनावरून ती पुन्हा उभी करणे फार कठीण असते. कारण भट्टीचा रंग पाहून ताप ओळखणे आणि नळीच्या वजनावरून काच जोखणे हे ज्ञान हातातून हातात जाते.

ही कला केवळ संग्रहालयाच्या कपाटात टिकणार नाही. फुलदाणी फुलांसाठी, हंडी दिव्यासाठी, कुपी अत्तरासाठी घेतली जाईल तोवरच नवा गोळा नळीवर चढेल. घरात एखादीच वस्तू असावी, पण ती उजेडात ठेवावी, वापरावी, आणि मुलांच्या हाती देऊन तिच्या तळाचा व्रण त्यांना दाखवावा. ती खूण कशाची आहे हे मुलाला सांगता येणे ही संग्राहकाची पहिली परीक्षा होय.